आधी दोन बादल्या, मशीन नंतर

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी गाडी म्हणजे बाबांची स्कूटर. लोकांच्या मर्सिडीज नि बीएमडब्ल्यू घासून मी पोट भरतो, हे आजीला शेवटपर्यंत पटलं नाही. "धुणीभांडीच की रे ती," म्हणायची. पहिले पाच महिने तरी तिचंच खरं होतं. बी.कॉम. करून विजयनगरकडच्या एका कार डिटेलिंगच्या, म्हणजे गाड्या घासून चकचकीत करून देणाऱ्या स्टुडिओत लागलो, तिथे पॉलिशच्या मशीनला हात लावायची सोय नव्हती. सकाळपासून नुसतं धुणं.

आता इंदूरमधली नवीन पोरं मला विचारतात, "भिया, मशीन कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, गाडी धुतोस कशी? एक बादली, एक स्पंज असं उत्तर आलं की मशीनचा विषय तिथेच थांबवतो. कारण जे ओरखडे काढायचे पैसे आपण घेतो, ते बहुतेक धुतानाच पडलेले असतात. एक बादली शाम्पूची, दुसरी मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) धुवायची, दोन्हींच्या तळाशी वाळू खालीच राहावी म्हणून जाळी. वरून खाली यायचं, दरवाज्यांचा खालचा भाग शेवटी. उन्हात धुवायचं नाही, कारण बोअरचं पाणी वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके बसतात आणि ते पुढे रंगाला खातात.

काळी गाडी उन्हात उभी करा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसेल, तेच स्वर्ल मार्क. मला वर्षभर वाटायचं की कुणीतरी गोल गोल पुसल्यामुळे ते गोल पडतात. तसं नसतं. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. एलईडी बॅटरी बॉनेटवर सरकवून बघा, जाळंही तिच्यामागे सरकतं.

ओरखडा म्हणजे खाच. खाच पुसता येत नाही, तिच्या आजूबाजूची जमीन तिच्या तळापर्यंत उतरवावी लागते. आणि उतरवायला जमीन आहे किती? कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) सगळं धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोट 35 ते 50 चा. माणसाचा केस 70 च्या आसपास असतो, म्हणजे आपला सगळा धंदा अर्ध्या केसाच्या जाडीत चालतो. नखाला लागतो तो ओरखडा मी सोडून देतो आणि गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगतो. थराची जाडी मोजणाऱ्या गेजवर एका दरवाज्याला 110 आणि शेजारच्याला 260 आलं तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला असणार. "गाडी कधी ठोकलीच नाही" म्हणणारे मालक अशा वेळी दुसरीकडे बघायला लागतात. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र आपलं नेहमीचं गेज चालतच नाही, तिथे हात आखडता ठेवायचा.

माझ्या हातून एक दरवाजा गेला तो गेज असूनही. मागच्या दरवाज्याच्या पत्र्याला डिझाइनची आडवी घडी होती, दोन्हीकडे छान 120 दाखवत होतं. पण कडेवर थर पातळ असतो आणि तिथलं माप नीट मिळत नाही. रोटरी (एकाच जागी गरगर फिरणारी मशीन), लोकरीचा पॅड, जेमतेम दोन-तीन सेकंद. पॅड उचलला तर त्यावर निळसर रंग. क्लिअर कोट शाबूत असेपर्यंत पॅडवर गाडीचा रंग येत नाही. आला म्हणजे खेळ संपला. दरवाजा रंगवून द्यावा लागला आणि ते पैसे चार महिने माझ्या पगारातून कापले गेले. तेव्हा मालकाचा राग आला होता. आज माझ्याकडची पोरं कडेला टेप न लावता मशीन चालू करताना दिसली की तोच मालक माझ्या तोंडून बोलतो.

म्हणून सुरुवात डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने करा. ती फिरताना डोलते, एका जागी उष्णता साठू देत नाही. भंगारवाल्याकडून काळं बॉनेट आणा नि त्यावर महिना घालवा. बॅकिंग प्लेटवर (पॅड जिला चिकटतो ती चकती) मार्करने एक रेघ ओढा. रेघ फिरताना दिसली नाही तर समजा, तुम्ही दाबताय किंवा मशीन तिरकी धरलीय. पॅड नुसता थरथरतोय, कापत काहीच नाही. वाटाण्याएवढे चार थेंब कंपाउंड (ओरखडे कापणारी पेस्ट), दोन फुटांचा चौकोन, प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्या फेरीवर. हात इतका सावकाश की बघणाऱ्याला कंटाळा यावा.

गिऱ्हाईकाच्या गाडीवर आधी क्ले (चिकटलेली घाण उचलणारा मातीसारखा गोळा), मग टेप, मग बॉनेटच्या कोपऱ्यात एकच चौकोन करून बघायचा, तोही सगळ्यात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने. जर्मन गाड्यांचा क्लिअर कोट कडक, जपानी गाड्यांचा मऊ, असं सगळे सांगतात आणि बरेचदा ते खरंही निघतं. मर्सिडीजने तर 2003 पासून नॅनो कणांचा क्लिअर कोट आणला. पण ऐकीव माहितीवर कडक पॅड उचलू नका, चौकोन काय सांगतो ते बघा. पुसल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल मारायचं. नाहीतर पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून बसतं नि गाडी आरशासारखी दिसते, पहिल्या दोन धुण्यांपुरती. काही ठिकाणी हाच चकचकाट विकतात. मीही एका जागी सहा महिने तो विकलाय.

मे महिन्यात दुपारी कंपाउंड पत्र्यावर पडताच वाळतं. आम्ही तेव्हा रात्री नऊनंतर कटिंग करतो. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची तारीफ शायरांनी केली, उपयोग आम्ही करून राहिलो आहोत.

गेल्या वर्षी एका डॉक्टरकाकांची काळी सेडान आली. तीन दिवस लागले. न्यायला त्यांचे ड्रायव्हरमामा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, खूश झाले आणि सवयीने खांद्यावरचं फडकं काढून बॉनेटकडे वळले. मी त्यांचा हातच धरला. गेली दोन वर्षं रोज सकाळी धुळीवरून तेच कोरडं फडकं फिरत होतं, मोठ्या मायेने. हे काकांसमोर कसं सांगायचं? नोकरीचा प्रश्न होता. मी काकांना म्हटलं, "शहरातली धूळच तशी आहे," आणि मामांना मागे नेऊन दोन बादल्या दाखवल्या. त्यांचं फडकं माझ्या बॅटरीच्या उजेडात झटकलं, वाळूचे कण खाली पडले. मामा बराच वेळ त्या कणांकडे बघत राहिले. मग फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, ती जाळी कुठे मिळते.