चौथं कपाट: इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातला डेड स्टॉक आणि ई-कचरा कसा कमी करायचा

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी सतरा वर्षं स्टोअर्स सांभाळते आहे. आम्ही शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला उठून विहिरीवर जायच्या ऐवजी शेतकरी घरातून फोन लावतो आणि मोटार सुरू होते. त्या डब्यातला बोर्ड आमच्या लाइनवर तयार होतो.

स्टोअरमध्ये सात कपाटं आहेत. चौथ्याला सगळे 'पेन्शनरांचं कपाट' म्हणायचे, कारण तिथला माल कामाला जायचाच नाही. २०२३ च्या मार्चअखेरच्या मोजणीत मी ते सगळं जमिनीवर काढलं. २जी मॉड्यूलची (मोबाईल नेटवर्कशी जोडणाऱ्या पार्टची) न फोडलेली रीलं, म्हणजे टेपवर लावलेल्या पार्टची चाकं, निघाली, बंद केलेल्या मॉडेलचे रिले (विजेने चालणारे स्विच) निघाले, जुन्या रिव्हिजनच्या (आवृत्तीच्या) कोऱ्या पीसीबीचे, म्हणजे पार्ट न लावलेल्या सर्किट बोर्डांचे, गठ्ठे निघाले. एकही वस्तू खराब नव्हती. कारखान्यातला ई-कचरा बहुतेक वेळा असाच कोराकरकरीत असतो, सीलबंद पिशवीत, बिलासकट. तो भंगाराच्या पिंपात शोधू नका, परचेस ऑर्डरच्या फायलीत शोधा.

आधी एकच कपाट मोजा

सगळं स्टोअर मोजायला घेतलं की तिसऱ्या दिवशी लाइनवरून हाक येते आणि मोजणी अर्धवट राहते. एक कपाट घ्या. वहीत चार रकाने आखा: नग किती, शेवटचा इश्यू कधी, कुठल्या मॉडेलला लागतो, आणि आणला कशासाठी. पहिले तीन बिन कार्डवरून (मालाच्या खणाला लावलेल्या नोंदीच्या कार्डवरून) भरतात. चौथ्यासाठी जुन्या ऑर्डरी काढून बसावं लागतं आणि खरी माहिती तिथेच असते. आमच्याकडे चार कारणं पुन्हा पुन्हा आली: कमीत कमी तेवढाच माल मिळत होता म्हणून, टंचाईत दोनदा ऑर्डर दिली म्हणून, डिझाइन बदललं म्हणून, आणि 'असू दे' म्हणून. या 'असू दे'ला वहीत वेगळी खूण करा.

सहा महिने हलला नाही तो माल डेड, असा नियम सांगतात. आम्हाला तो चालत नाही. आमची विक्री रब्बीत, पावसाळ्यात शुकशुकाट. म्हणून मी एक अख्खा हंगाम धरते. एक रब्बी गेली आणि माल जागचा हलला नाही की त्यावर लाल स्टिकर आणि तारीख. तुमच्या धंद्याचा हंगाम पाहून तुम्ही तुमची मुदत ठरवा.

खरेदीत भांडायचं कुठे

०६०३ या बारीक मापाच्या रेझिस्टरचं रील साधारण पाच हजारांचं असतं आणि तुम्हाला लागतात सहाशे. इथे भांडू नका, रील घ्या. त्याची किंमत फारशी नसते आणि तो माल कुठेतरी लागतोच. भांडायचं ते मायक्रोकंट्रोलर (बोर्डाचा मेंदू असलेली चिप), मॉड्यूल, रिले आणि कनेक्टरवर. तिथे परचेसवाला म्हणेल, "ताई, हजार घेतले तर नग स्वस्त पडतो." त्याला एकच विचारा, "कुठल्या ऑर्डरसाठी?" ऑर्डरचा नंबर सांगता आला नाही तर रील न घेता कट टेप, म्हणजे टेपचा हवा तेवढाच तुकडा, मागा. नगाला जास्त पडेल, पण उरणार काही नाही. (कट टेप मशिनला पार्ट पुरवणाऱ्या फीडरमध्ये धरायला पुढे रिकामी टेप लागते. ती जोडून घ्या, नाहीतर पहिले काही नग फुकट जातात.)

वर्षाचा भाव ठरवा, माल मात्र महिन्याच्या शेड्यूलने मागवा. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'नॉन-कॅन्सलेबल, नॉन-रिटर्नेबल' (रद्द नाही, परत नाही) लिहिलेलं असतं, ते सही करायच्या आधी मोठ्याने वाचायचं. मालकासमोर वाचलंत तर आणखी बरं.

२०२१ मध्ये चिपची टंचाई आली तेव्हा काही मायक्रोकंट्रोलरना बावन्न आठवडे, कधी त्याहूनही जास्त थांबा असं सांगत होते. आम्ही घाबरून एकाच गरजेसाठी तीन डिस्ट्रिब्युटरकडे ऑर्डरी टाकल्या. मॉड्यूलचंही तेच केलं. पुढे टंचाई ओसरली आणि तिघांचाही माल पाठोपाठ दारात आला. चूक घाबरण्यात नव्हती. या तिन्ही ऑर्डरी एकाच गरजेच्या आहेत, एक आली की बाकीच्या दोन रद्द करायच्या, हे कुठेच लिहिलं नव्हतं. आता प्रत्येक ऑर्डरवर 'गरज क्रमांक' असतो. पेन्सिलीने लिहिलेला, पण असतो.

पार्टची संख्या कमी करा

हे काम इंजिनिअरला घेऊन एका दुपारी होतं. आमच्या चार मॉडेलांत पुल-अपच्या (सिग्नलची रेघ वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणाऱ्या) रेझिस्टरला कुठे ४.७के (किलो-ओहम), कुठे ५.१के, कुठे १०के. का, तर ज्याने त्याने आपापल्या सवयीने टाकलेले. बहुतेक ठिकाणी १०के चालला. ५ टक्के फरक चालणारे रेझिस्टर बंद करून सगळीकडे १ टक्क्याचे घेतले. फीडबॅक आणि टायमिंगच्या जागांना हात लावला नाही, तिथे नेमक्या आकड्याला अर्थ असतो. मालाचे प्रकार कमी झाले की अर्धवट रीलं कमी होतात आणि मशिनवर फीडर बदलण्याचा वेळही वाचतो. लाइनवरच्या मुलींनी या एका गोष्टीसाठी मला चहा पाजला.

डिझाइन बदलाचा कागद स्टोअरमधून जाऊ द्या

सगळ्यात महाग कचरा इथे तयार होतो. रिलेचा पुरवठादार बदलला, पायांची जागा बदलली, इंजिनिअरने सोमवारी नवी रिव्हिजन काढली आणि जुन्या रिव्हिजनच्या कोऱ्या पीसीबी मेल्या. रील परत विकता येतं, पीसीबी कोणी घेत नाही. ती फक्त तुमच्याच उपयोगाची असते.

म्हणून आमच्याकडे बदलाच्या कागदावर इंजिनिअरच्या सहीआधी मी तीन आकडे भरते: हातात किती, वाटेत किती, लाइनवर किती. बदल सुरक्षेचा असेल तर आकडे काहीही असोत, लगेच लागू. नसेल तर जुना माल संपेल त्या तारखेपासून. पहिले दोन महिने इंजिनिअर माझ्यावर चिडून होता.

यातून आणखी एक सवय लागली. जो माल फक्त आपल्याच कामाचा, तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी घ्यायचा. पीसीबी इथल्या इथे पटकन मिळते, तिचा साठा कशाला? बोर्डही ऑर्डरीशिवाय भरून ठेवत नाही. रील असेपर्यंत माल चार ठिकाणी वापरता येतो, एकदा सोल्डर झाला की एकाच मॉडेलचा. सिंगल फेज आणि थ्री फेजला आम्ही आता एकच पीसीबी वापरतो. काही पार्ट लावायचे नाहीत आणि फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्राम) शेवटी टाकायचं, एवढाच फरक.

पावसाळा

न विकल्यामुळे माल मरतो तसा दमटपणानेही मरतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. लोक 'रिजेक्शन' म्हणतात आणि पुढे जातात.

आयसीच्या (चिपच्या) पिशवीवर एमएसएलचा, म्हणजे पार्ट ओलाव्याला किती नाजूक आहे त्याचा, आकडा असतो. एमएसएल ३ म्हणजे पिशवी फोडल्यापासून १६८ तासांत पार्ट सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो ओव्हनमधून गेला पाहिजे, तेही ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच. एमएसएल ४ ला ७२ तास मिळतात. जुलैत एसी नसलेल्या स्टोअरमध्ये आर्द्रता साठच्या वर असतेच, म्हणजे तेवढेही तास मिळत नाहीत. आयसीच्या पोटात शिरलेल्या ओलाव्याची रिफ्लो ओव्हनमध्ये वाफ होते आणि पॅकेज आतून फाटतं. वरून काही दिसत नाही. बोर्ड टेस्टिंगला पडतो, कधी टेस्टिंगला पास होऊन थेट शेतात बंद पडतो.

उपाय साधे आहेत. पिशवी फोडली की तिच्यावर मार्करने तारीख आणि वेळ लिहायची. उरलेलं रील ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवायचं. आत ५ टक्क्यांच्या खाली आर्द्रता राखणारं कॅबिनेट महाग वाटतं, पण एका रीलच्या किमतीशी तुलना करून बघा. पिशवीतल्या आर्द्रतेच्या कार्डावरचे ठिपके गुलाबी झाले असतील तर माल भाजून घ्यावा लागतो. प्लास्टिकचं रील १२५ अंशांत टाकाल तर वितळेल. रीलसकट भाजायचं तर ४० अंशांवर, आणि त्याला दिवस लागतात.

सोल्डर पेस्ट (पार्ट पीसीबीला जोडणारं सोल्डरचं मलम) फ्रिजमध्ये ठेवायची, आणि त्या फ्रिजमध्ये कोणाचाही डबा नको. वापराआधी चारेक तास बाटली बंदच बाहेर ठेवा, गार बाटली उघडलीत तर आत दव धरतं. स्टेन्सिलवर (पेस्ट लावायच्या भोकांच्या पत्र्यावर) उरलेली पेस्ट ताज्या बाटलीत परत टाकू नका. एका चमच्याच्या काटकसरीत अख्खी बाटली जाते. ओएसपी फिनिशची (तांब्यावर पातळ सेंद्रिय थर दिलेली) पीसीबी साधारण सहा महिने टिकते, म्हणून पीसीबीच्या गठ्ठ्यावरही तारीख. जो माल आधी कालबाह्य होणार तो आधी बाहेर.

जे उरलं त्याचं काय

लाल स्टिकरचा माल लगेच फोडू नका. सीलबंद, डेट कोड (कधी बनला तो आकडा) वाचता येतो, बिल हातात आहे, अशा रीलला गिऱ्हाईक मिळतं. आधी डिस्ट्रिब्युटरला विचारा, मग तोच पार्ट वापरणाऱ्या शेजारच्या कारखान्याला. सुटा माल पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जातो, भाव पडेल मिळतो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबला रिले आणि कनेक्टर दिले तर पोरं खूश असतात.

बंद मॉडेलचे थोडे पार्ट सर्व्हिससाठी बाजूला काढा. शेतातला स्टार्टर पाच-सात वर्षांनीही दुरुस्तीला येतो, आणि एका रिलेअभावी अख्खा बोर्ड बदलावा लागला तर तो कचराच. टेस्टिंगला पडलेल्या बोर्डावर दोष काय तो चिकटपट्टीवर लिहा. आमच्याकडे एकाच कनेक्टरचं कोरडं (नीट न धरलेलं) सोल्डर पुन्हा पुन्हा येत होतं. स्टेन्सिलचं भोक थोडं मोठं केल्यावर ते थांबलं.

शेवटी भंगार

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार उत्पादनात निघालेला ई-कचरा साधारणपणे १८० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्याची नोंद ठेवावी लागते आणि तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यावा लागतो. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत, पण म्हणून बोर्ड हातगाडीवाल्याला देऊ नका. असे बोर्ड उघड्यावर जाळून आणि ॲसिडमध्ये बुडवून तांबं-सोनं काढतात, आणि त्याची राख मुरादाबादला रामगंगेच्या काठी साठल्याचं अनेकदा छापून आलं आहे. बॅटऱ्या वेगळ्या ठेवा, त्यांना वेगळे नियम आहेत. सोल्डरच्या भांड्यावरची मळी बोर्डात मिसळू नका, तिच्यात कथील असतं आणि तिचा भाव वेगळा लागतो. वजन आपल्या काट्यावर करा आणि पावतीवर रिसायकलरचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

अकाउंट्सवाले माल राइट-ऑफ करायला (पुस्तकातून काढून टाकायला) तयार होत नाहीत, कारण त्यावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार. विकल्यास हिशेब वेगळा होतो, म्हणून सीएला मार्चच्या आधी गाठा. तोवर तो माल पुस्तकात पूर्ण किमतीला उभा राहतो आणि मालकाला वाटतं आपल्याकडे संपत्ती आहे.

आमच्या २जी मॉड्यूलपैकी काही सर्व्हिसला गेली, बरीचशी पडेल भावात विकली. एक सीलबंद रील अजून चौथ्या कपाटात आहे. त्यावर लाल स्टिकर आहे, आणि त्यावरची तारीख मी स्वतःच दोनदा खोडून पुढे ढकलली आहे.