लग्नपत्रिकेचा पंख कूलरसमोर कसा उडवायचा

मागच्या उन्हाळ्यात पाटोद्याकडं जायलो होतो तर पुढं ट्रेलरवर पवनचक्कीचं पातं चाललेलं. पुतण्या म्हणला, काका विमानाचा पंख चाललाय बघा. आता त्याला चूक तरी कसं म्हणावं, आकार तोच की, पुढं गोल अन मागं निमुळता.

घरी आल्यावर त्याला करूनच दाखवलं. जुनी लग्नपत्रिका घ्या, पातळ बघून, खंडीभर पडलेल्या असतात. पंजाएवढा तुकडा मधोमध वाकवा पण घडीवर नख फिरवू नका, ती कड गोलच राहिली पाहिजे. मग वरच्या पानाची मागची कड सेंटिमीटरभर पुढं घेऊन खालच्या पानावर टेपनं चिकटवा, वर आपोआप फुगवटा येतो अन खाली सपाट राहतं. गोल कडेपासून तिसऱ्या हिश्श्यावर आरपार भोक पाडा, त्यात स्ट्रॉचा तुकडा बसवा, त्यातून शिवणाचा दोरा ओवा. मी पहिल्यांदा भोक मधोमध पाडलं तर ते भिंगरीसारखं गरगर फिरायलं. भोक पुढं असलं की मागच्या भागाला वारा जास्त लागतो, मग तोंड वाऱ्याकडंच राहतं.

कूलरच्या पट्ट्या सरळ करा (हात कोरडे ठेवा हो, करंट काय सांगून येत नाही), दोरा खाली-वर ताणून धरा. पंख सरसर वर चढतो.

काहून चढतो? बरेच जण सांगतात की वरच्या हवेला लांबून जावं लागतं म्हणून ती पळत येऊन खालच्या हवेला गाठते. तसं काही नाही, वरची हवा तर उलट आधीच पोचते. पंख हवेला खाली वळवतो अन हवा त्याला वर ढकलते, त्यातच वरच्या बाजूला दाब कमी पडतो, सगळं एकाच गोष्टीचं अंग आहे.

आता हौदात स्टीलची पट्टी उभी धरून, पातळ कड पुढं ठेवून सरळ ओढा, गुपचूप येते. जराशी तिरकी धरून ओढा, हात बाजूला ढकलला जातो, अन जोर किती ते बघाच! पाणी हवेपेक्षा जवळपास 800 पट दाट, म्हणून पेंग्विनचं एवढं भारी शरीर त्या आखूड पंखांवर पाण्यात उडल्यासारखं जातं. पण पट्टी लई तिरकी केली की मागं भोवरे उठतात अन ती नुसती अडते. विमानाचं पण तसंच, बहुतेक पंखांना 15 अंशांच्या आसपास गेलं की हवा वरून सुटते अन उचल घसरते. पुतण्याला हेच आवडलं, हौद अर्धा रिकामा केला त्यानं, वहिनीच्या शिव्या मला.