मनी प्लांट की फिलोडेन्ड्रॉन? देठ बघा

रोपवाटिकेत ‘मनी प्लांट’ म्हणून निदान तीन वेली मिळतात: एपिप्रेमनम ऑरियम (खरा मनी प्लांट), फिलोडेन्ड्रॉन हेडरेशियम आणि सिंडॅप्सस पिक्टस. पानाच्या रंगावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. ‘निऑन’ मनी प्लांट आणि ‘लेमन लाइम’ फिलोडेन्ड्रॉन दोन्ही पोपटीच. शिवाय उजेड कमी पडला की मनी प्लांटवरचे पिवळे पट्टे फिके होत हिरव्यात विरतात.

आधी देठावरून बोट फिरवा. मनी प्लांटच्या देठाला वरच्या बाजूने पन्हळ लागते आणि तिच्या कडा पुढे वाळून तपकिरी होतात. या फिलोडेन्ड्रॉनचा देठ बराचसा गोल असतो. तरी शंका राहिली तर नवं पान फुटेपर्यंत थांबा, कारण सगळ्यात भरवशाची खूण तीच. फिलोडेन्ड्रॉनचं कोवळं पान पातळ आवरणातून बाहेर येतं, रबराच्या झाडाच्या कोंबावर असतं तसं; ते आवरण मग वाळून गळतं. मनी प्लांटला असं वेगळं आवरण नसतं, नवं पान आधीच्या देठाच्या पन्हळीतूनच सुरळीसारखं उलगडतं.

पेरावरही नजर टाका. मनी प्लांटला बहुधा एकच जाड, आखूड हवाई मूळ. फिलोडेन्ड्रॉनला बारीक मुळांचा झुपका. सिंडॅप्ससला एवढा खटाटोप नको: जाड, मऊसर पानावर चंदेरी ठिपके.

आंब्यावर चढलेल्या मनी प्लांटची पानं फूटभराहून मोठी आणि कडेने फाटलेली होतात. त्याला लोक बिनधास्त मॉन्स्टेरा (मोठ्या, फाटक्या पानांची वेगळीच वेल) म्हणतात. तीच वेल खाली जमिनीलगत शोधा, ओळखीची लहान पानं सापडतील.

मनी प्लांटला ‘पोथॉस’ही म्हणतात; हे नाव त्याला १८८० साली मिळालं. १९६४ मध्ये वेल एपिप्रेमनममध्ये गेली, बाजार मात्र जुन्याच नावावर चालतो. खरी पोथॉस स्कॅन्डेन्स सह्याद्रीच्या जंगलात झाडांवर चढलेली दिसते. तिचा देठ इतका रुंद आणि चपटा की पानाला पान जोडल्यासारखं वाटतं, पपनसासारखं.

फोटोवरून कुणाला नाव विचारायचं असेल तर तीन फोटो काढा: देठ वरून, पेर जवळून, कोंब. नुसत्या पानाच्या फोटोवर मोबाइलचं ॲपही चुकतं. कुंडीच्या पट्टीवर पूर्ण नाव लिहा, वाणाचं नाव अवतरणात: एपिप्रेमनम ऑरियम ‘निऑन’. शाईपेन नको, पेन्सिल वापरा. पाण्याने पुसत नाही.