गिटारचे दोन पिकअप एकत्र लावले की आवाज पोकळ, नाकातला येतो: माझा अनुभव

स्वतः बनवलेली गिटार: महोगनीची बॉडी, मेपलची नेक, दोन हंबकर (दोन कॉइलांचे पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे भाग) वेगवेगळ्या कंपन्यांचे. नेकजवळचा जुना, धातूच्या कव्हरचा, दोन वायरींचा. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथला, चार वायरींचा. एकेकटे दोन्ही सुरेख वाजायचे. स्विच मधे आणला, म्हणजे दोन्ही एकत्र चालू केले, की बेस गायब, आवाज पत्र्यासारखा पातळ.

स्विच बदलला, ५०० केचे (किलोओहमचे) पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग, बदलले, सगळी सोल्डरिंग पुन्हा केली. तीन रविवार गेले आणि अगदी रडकुंडीला आलो. लाकडावरही संशय घेतला, पण लाकडामुळे फक्त मधल्याच पोझिशनला बेस जाणार नाही.

दोष फेजचा होता: दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांच्या उलट दिशेचे असल्याने एकत्र आले की एकमेकांना खोडत होते. तपासणी अशी: जॅकला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मल्टिमीटर रेझिस्टन्सच्या २० केवर ठेवून प्लगच्या टोकाला आणि दांड्याला जोडा. एकच पिकअप चालू ठेवा. त्याच्या पोलवर (तारांखालच्या धातूच्या टोकांवर) स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. उचलताना नेकचा आकडा वर उडाला, ब्रिजचा खाली. दोन्ही एकाच दिशेला जायला हवेत.

मग ब्रिजच्या पिकअपची स्विचकडे जाणारी आणि ग्राउंडची (सर्किटच्या सामायिक परतीची) अशा दोन वायरी सोडवल्या. उघडी शील्ड वायर (बाहेरची घरघर अडवणारी) ग्राउंडलाच ठेवली. आधी स्विचवर होती ती ग्राउंडला, ग्राउंडची होती ती स्विचला. दोन कॉइलांना जोडणारा, टेप लावलेला सांधा अजिबात हलवला नाही.

नेकच्या वायरी मुद्दाम उलटवल्या नाहीत: धातूचं कव्हर त्याच पिकअपच्या ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असतं, उलटवलं तर हात लागताच घरघर येते.

आता मधली पोझिशन भरदार वाजते.