अंदमानला जाताय? पाण्यात तोंड घालायची प्रॅक्टिस इंदुरातच करून जा

इंदूरहून अंदमानला जाणाऱ्या आपल्या लोकांचा प्लॅन ठरलेला असतो, सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, रात्रीचा लाइट अँड साउंड शो, आणि वेळ उरला तर "ते पाण्यातलं काहीतरी". तर त्या पाण्यातल्यासाठी, म्हणजे स्नॉर्केलिंगसाठी (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे-प्रवाळ बघणं), एक अख्खा दिवस ठेवा आणि निम्मी तयारी इथेच करा, कारण तिथे हातात मास्क देऊन दोन मिनिटांत पाण्यात उतरवतात, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाण्याचा अनुभव म्हणजे ओंकारेश्वरला नर्मदेत नाक धरून मारलेली डुबकी.

पोहता येत नाही म्हणून काठावर सगळ्यांच्या पर्सा सांभाळत बसणाऱ्या काकूंनो, स्नॉर्केलिंगला पोहणं लागतच असं नाही. लाइफ जॅकेट असतं, गाइड तुम्हाला तरंगणारी ट्यूब धरायला देऊन ओढत नेतो. तुम्हाला फक्त तोंडाने श्वास घेता आला पाहिजे, आणि खरी गडबड तिथेच होते, नाक बंद झालं की माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो, नळीत पाणी शिरतं आणि लगेच "मला वर घ्या, मला वर घ्या". म्हणून जायच्या आधी थोडे दिवस जवळच्या स्विमिंग पूलवर जा, मास्क-नळीचा साधा सेट ऑनलाइन मिळतो, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नुसतं तोंड खाली घाला आणि सावकाश श्वास घ्या, सोडताना आणखी सावकाश. नळीत पाणी आलं तर घाबरून मास्क ओढायचा नाही, जोरात "थू" करून फुंकायचं, पाणी वरून उडून जातं. एवढं अंगवळणी पडलं की समुद्रात भीती वाटत नाही.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा आणि नाकाने श्वास आत ओढा, हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. केसांची बट आत अडकली की गळतो. मिशीवाल्यांचा तर गळतोच, मिशीवर थोडं व्हॅसलीन लावायचं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात, किळस येत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, तो इथूनच घेऊन जा.

जागा म्हणाल तर दक्षिण अंदमानातल्या वंडूरचं महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क, १९८३ साली झालेलं, १५ बेटांचं. पर्यटकांसाठी जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडतात, हिवाळ्यात-उन्हाळ्यात साधारण जॉली बॉय. वनखात्याचं परमिट आधी काढावं लागतं, सोमवारी बंद असतं. प्लास्टिक अजिबात चालत नाही, म्हणजे शेवेचं पाकीटसुद्धा हॉटेलवरच ठेवा, स्टीलच्या डब्यात काढून न्या (इंदूरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, स्वच्छतेचा नंबर आपलाच ना). स्वराज द्वीपचा, म्हणजे जुन्या हॅवलॉकचा, एलिफंट बीच सोपा आहे पण तिथे जेट-स्की आणि गर्दी, मला विचाराल तर वंडूरच.

बोट लागते का तुम्हाला? गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच घ्या, ओकारी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. पोट रिकामंही नको आणि गच्च भरलेलंही नको, बोटीच्या मध्यावर बसून लांब क्षितिजाकडे बघा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला त्रासदायक असतं, त्यापेक्षा फुल बाह्यांचा स्विमिंग टीशर्ट बरा, कारण पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्याच भाजतात.

आता बघायचं कसं. काहीही करायचं नाही, हेच. हातपाय मारत सुटलात तर सगळे मासे पळतात, नुसतं पालथं पडून राहा, दोन मिनिटांत ते परत येतात. अ‍ॅनिमोनीच्या (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) झुपक्यात क्लाउनफिश दिसेल, त्यांच्यातली मोठी मादी मेली की नरच मादी होतो. पॅरटफिश दगड कुरतडताना कुटूकुटू आवाज चक्क ऐकू येतो, आणि त्यातलं पांढरं वाळूसारखं मागून बाहेर पडतं, बीचवरच्या वाळूत त्याचाही वाटा आहे, मुलांना हे सांगा, जाम खूश होतात. पाण्यात सगळं मोठं आणि जवळ दिसतं, म्हणून हात पुढे करू नका. प्रवाळावर उभं तर अजिबात राहायचं नाही, तो जिवंत असतो, फार हळू वाढतो, शिवाय तिथेच सी अर्चिनचे काटे आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश असतो.

कासव दिसलं तर त्याच्या वर जाऊ नका, त्यालाही श्वासाला वर यायचं असतं. डॉल्फिन दिसले तर बोटवाल्याला त्यांच्यामागे बोट पळवायला लावू नका. ड्युगाँग, म्हणजे समुद्री गाय, अंदमानचा राज्यप्राणी आहे पण दिसणं नशिबाचं, हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि खाडीत, खारफुटीजवळ खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर असतात, लाइफगार्ड नाही म्हणाला तिथे पाय घालायचा नाही, "काही नाही होत भिया" तिथे चालत नाही.

येताना बीचवरून प्रवाळाचा तुकडा, शंख-शिंपले बॅगेत टाकू नका. प्रवाळ मेलेला असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि एअरपोर्टवर बॅग स्कॅन होते. शिंपल्याच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर परवाना असलेल्या दुकानातून घ्या, बिल हातातल्या बॅगेत ठेवा.