मादे की मादेनी? आपला ‘पर्यंत’ इथे गोंधळ घालतो

जपानी शिकताना आपल्या मराठी लोकांची इथे हमखास विकेट पडते, कारण ‘पाचपर्यंत थांब’ आणि ‘पाचपर्यंत फॉर्म दे’ दोन्हीकडे आपण बिनधास्त ‘पर्यंत’ लावतो, पण जपानीत हे दोन वेगळे. काम त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल (थांबणं, झोपणं, वाट बघणं) तर नुसतं मादे: गोजी मादे मात्ते कुदासाई, म्हणजे पाचपर्यंत थांबा. आणि डेडलाइन असेल, त्याआधी कधीतरी एकदा उरकायचं असेल तर मादेनी: किन्योबी मादेनी दाश्ते कुदासाई, शुक्रवारपर्यंत द्या, मग त्याआधी सोमवारी दिलं तरी चालतंय.

माझी ट्रिक अशी की वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ टाकून बघायचं, बसलं तर मादेनी. ‘पाचच्या आत फॉर्म दे’ बसतं, ‘पाचच्या आत थांब’ कानालाच खटकतं ना, मग तिथे मादे. मी स्वतः कितीतरी दिवस सगळीकडे मादेच ठोकत होतो 😅

दुकानात कागिरी दिसतं, ते आपलं ‘पुरतं’: होन्जित्सु कागिरी म्हणजे ऑफर आजच्यापुरती.

आणि हो, आकड्यांमागे मिमान (‘पेक्षा कमी’) आलं की तो आकडा धरायचा नाही, जुहास्साई मिमान म्हणजे १८ पूर्ण झालेला त्यात येत नाही, पण इका (‘तितकं किंवा कमी’) असेल तर तो आकडासुद्धा धरायचा. फॉर्म भरताना हे नीट बघा.