मानक मोकळे, पण त्यासोबतचे सगळेच मोकळे नव्हे

महापे येथील आमच्या छोट्या कार्यालयात आम्ही पॅथॉलॉजी प्रयोगशाळांचे अहवाल एचएल७ संस्थेच्या ‘फायर’ (आरोग्यविषयक माहितीची देवाणघेवाण करण्याची ठरलेली पद्धत) या मानकानुसार रुग्णालयांकडे पाठवणारे साधन तयार केले, आणि ते मुक्त स्रोत म्हणून खुले करण्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की त्यात स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या सांकेतिक कोशातील संज्ञांचा मोठा तक्ता आम्ही जसाच्या तसा भरला आहे. फायरचे विनिर्देश सीसी-० अंतर्गत, म्हणजे लेखनहक्क सोडून सर्वांना खुले केलेले, असल्याने सारेच मोकळे, असे मी गृहीत धरले होते. स्नोमेडचा परवाना मात्र निराळा आहे: स्नोमेड चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य असल्याने तो येथे विनामूल्य मिळतो, परंतु सदस्य नसलेल्या देशांत हा नियम लागू होत नाही. आम्ही तक्ता काढला. आता ग्राहक स्वतःच्या परवान्यावर घेतलेली फाइल साधनाला जोडतो.

पेटंटचा प्रश्न अधिक चिवट निघाला. सीसी-० मुळे पेटंट व व्यापारचिन्हाचे हक्क सुटत नाहीत, हे त्याच्या मजकुरातच लिहिलेले आहे. मी ते कधी वाचलेच नव्हते. पेटंट कायदा, १९७० चे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारते, पण ‘निव्वळ’ या शब्दावरच सारा वाद होतो, आणि परदेशात त्या कलमाचा उपयोग नाही. म्हणून आम्ही तिघांनी पेटंटचा उल्लेखही नसलेल्या एमआयटी या मुक्त स्रोत परवान्याऐवजी अपाची २.० परवाना स्वीकारला, ज्यात योगदानकर्ते आपल्या पेटंटचा वापर स्पष्टपणे मान्य करतात; तिऱ्हाइताच्या पेटंटपासून मात्र तो वाचवत नाही. साधनाच्या नावातील ‘फायर’ हे नोंदणीकृत व्यापारचिन्ह असल्याने नावही बदलले.